तिसरी पेटी

थोरल्या नणंदेला जुळं झालं, त्या वर्षी पाहुणी आली.

पाहुणी म्हणजे कोणी बाईमाणूस नव्हे. आकाशातली ती एक जोडी. एक छोटासा सूर्य, आपल्या सूर्याहून बारका आणि थंड, आणि त्याच्याशी जोडलेलं एक कृष्णविवर. दोघं एकमेकांभोवती इतक्या जवळून फिरतात की विवर त्या सूर्याच्या अंगावरचा वायू ओढून घेत राहतं. ओढलेला वायू लगेच आत पडत नाही. मोरीच्या भोकाभोवती पाणी गरगरतं तसा तो फिरत राहतो आणि त्याची चपटी तबकडी होते. वर्षानुवर्षं ती तबकडी गुपचूप भरत जाते. मग एके दिवशी साठलेलं सगळं आत कोसळू लागतं आणि क्ष-किरणांचा असा भडका उडतो की आकाशाचा तो कोपरा ओळखू येत नाही. काही महिने हा धिंगाणा चालतो आणि मग पुन्हा तीसेक वर्षं चिडीचूप. न कळवता येते, आली की घर डोक्यावर घेते, म्हणून वेधकेंद्रातले लोक तिला पाहुणी म्हणत.

या खेपेला ती आली धाकटीच्या कामाच्या पाळीत. धाकटी म्हणजे केंद्रातल्या जुन्या मास्तरांची धाकटी सून. तिचा नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने पाण्यावर, त्यामुळे घरात सासूसासरे आणि ती. केंद्रात तिला सगळे वहिनी म्हणत. तिथले अर्धे लोक मास्तरांच्या हाताखाली शिकलेले, तेव्हा मास्तरांची सून ही आपोआप वहिनी झाली.

तिचं काम उपग्रहावरची पेटी सांभाळायचं. पेटी म्हणजे वायू भरलेला लांबट धातूचा डबा, आणि आत केसाहून बारीक तारा ताणून बसवलेल्या. क्ष-किरण आत शिरला की वायूत बारीकसा धक्का बसतो आणि तार तो टिपते. त्यासाठी तारांवर विजेचा मोठा दाब ठेवावा लागतो. दाब जरा चुकला किंवा किरणांचा मारा जरा वाढला की आत ठिणगी पडते. ठिणगीने तार जाते, आणि तार गेली की पेटी गेली. वर कोणी दुरुस्तीला जात नाही.

मास्तरांनी सुनेला या कामाला लावलं तेव्हा केंद्रात कुजबुज झाली होती. मास्तरांनी कारण सरळ सांगून टाकलं. "ती भित्री आहे. पेटीवर भित्रंच माणूस पाहिजे. धीट माणूस पेटी जाळतो."

आणि ती होतीच भित्री. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत यायची. दाराला कुलूप लावून तीनदा ओढून बघायची. नवरा थट्टेने म्हणायचा, "हिला बोटीवर नेली तर समुद्र आहे का जागेवर, हे बघायला रोज डेकवर जाईल."

अशा एकूण तीन पेट्या मास्तरांनी उमेदीत बांधल्या आणि वर धाडल्या. त्यांच्या तारा ओवल्या होत्या सासूबाईंनी. सासूबाई तेव्हा कोवळी पोर होत्या आणि केंद्रातल्या तारखोलीत कामाला होत्या. भिंगाखाली बसून, चिमट्याने एकेक तार उचलून, ताणून, टोकाला डाख द्यायचा. श्वास जोरात सुटला तरी तार हलायची. मास्तर बघायला म्हणून आत आले आणि खांद्यावर वाकले. त्या पोरीने मान वर न करता सांगितलं, "श्वास बंद करा, नाहीतर बाहेर जा." मास्तरांनी श्वास बंद केला. घरात कोणीही आलं की मास्तर हे सांगायचे, आणि शेवटी म्हणायचे, "तो अजून नीट सुरू झालेला नाही."

पहिली पेटी गेली ती मास्तरांना हृदयाचा पहिला झटका आला त्या दिवशी. दुसरी गेली त्या दिवशी मास्तर न्हाणीत पडले, छातीत पाणी भरलं आणि तेव्हापासून खाटेला लागले. पेट्या जुन्या झाल्या होत्या आणि मास्तरही. दोन गोष्टी एका दिवशी घडल्या, इतकंच. धाकटी स्वतःला असं बजावायची. पण दुसऱ्या खेपेला दवाखान्याच्या बाकावर सासूबाईंनी तिचा हात धरला आणि हळू आवाजात म्हटलं, "आता तिसरी गेली की हे जाणार." ते वाक्य धाकटीच्या मनातून पुढे गेलंच नाही. रोज कामावर जाताना ती तिसऱ्या पेटीकडे निघालेली नसायची. म्हाताऱ्याच्या नाडीवर बोट ठेवायला निघालेली असायची.

खाटेच्या पायथ्याशी भिंतीवर मास्तरांनी एक फळा लावून घेतला होता, बुचाच्या लाकडाचा. त्यावर रोज एक टाचणी लागायची आणि टाचणीला लाल दोरा. टाचणी जितकी वर तितकी पाहुणी जास्त उजळ. उजवीकडे असली तर तिचे किरण कडक, म्हणजे आरपार जाणारे. डावीकडे असली तर मऊ.

रोज संध्याकाळी धाकटी घरात पाऊल टाकायची आणि मास्तर उशीवरून विचारायचे, "कुठेय?"

"वर. उजव्या कडेलाच."

"लाव टाचणी."

ती टाचणी लावायची, ते दोऱ्याकडे बघत बसायचे. "आली की अशी सरळ वर चढते, कडकच्या कडक. मग एका उंचीवर काय होतं कुणास ठाऊक, झटक्यात वळते. डावीकडे. तबकडी आतपर्यंत पोचते, कडक किरण आटतात, मऊ किरणांचा पूर येतो. मग मऊच राहून खाली उतरते. आणि परत कडक होते ती पार खाली आल्यावर. चढली त्या वाटेने उतरत नाही."

"माहितीये बाबा."

"तुला माहितीये. मला बघायचंय."

त्यांना काय बघायचं होतं ते घरात सगळ्यांना पाठ होतं. फळ्यावर मागच्या भेटीचा दोराही होता, विटून पिवळा पडलेला. उजव्या कडेने वर गेलेल्या टाचण्या होत्या, डाव्या कडेने उतरलेल्या होत्या. मध्ये, वर, जिथे पाहुणी वळते तिथे, एकही टाचणी नव्हती. त्या दिवसांत उपग्रह दुसरीकडे वळवलेला होता. वळणावरचा दोरा मास्तरांनी अंदाजाने ओढला होता, आणि तीस वर्षं तो अंदाज त्यांच्या डोळ्यांत कुसळासारखा सलत होता. आता डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की दिवस थोडे आहेत.

सासूबाई त्यांच्या खाटेशेजारच्या खुर्चीत रात्र काढायच्या. मधे महिनाभर थोरल्या लेकीची जुळी सांभाळायला गेल्या होत्या, तिथून आल्या त्या निम्म्या होऊन. घरी आल्यावर इथे मास्तरांचं अंग पुसणं, कूस बदलणं, पायांची सूज बघणं, औषधं. त्या स्वतः चहा प्यायच्या तो ओट्याशी उभ्याने, गार झालेला.

एकदा डॉक्टर मास्तरांना तपासून निघाले. सासूबाई त्यांना सोडायला जिन्यापर्यंत गेल्या आणि परत येताना मधल्याच पायरीवर बसल्या. डॉक्टरांनी वळून बघितलं. "आजी, तुम्हीही एकदा येऊन दाखवा."

"मला काय धाड भरलीये," सासूबाई म्हणाल्या आणि डावा हात चोळत उठल्या. "पित्त आहे. जागरणाचं."

धाकटीने हे ऐकलं. मनात आलं की यांना न्यायला हवं. मग आतून मास्तरांच्या खोकल्याचा आवाज आला आणि ती आत धावली, आणि ते मनातलं मनातच राहिलं.

केंद्रात नियंत्रणाच्या खोलीत भिंतीला एक जुना स्पीकर होता. मास्तरांनीच बसवलेला. उपग्रह डोक्यावरून जायचा तेवढी काही मिनिटं पेटीतला प्रत्येक धक्का त्यातून ऐकू यायचा. पडद्यावर सगळे आकडे दिसत असले तरी मास्तरांचं म्हणणं, डोळा एका जागी लागतो, कान खोलीभर असतात. पाहुणी चढत होती तोवर स्पीकरमधून पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज यायचा, कधी सरसरून, कधी थांबून, कसलाही मेळ नसलेला. धाकटीला तो आवाज आवडत नसे, पण सवयीचा झाला होता.

त्या दिवशी दुपारच्या फेरीला आवाज बदलला.

तिच्या जोडीला घुबड होता. सारख्या रात्रपाळ्या करून डोळे तसे झाले, म्हणून घुबड. तो खुर्चीत पाय पसरून शेंगदाणे खात होता. "वहिनी, आज गारा लयीत पडतायत बघा," तो म्हणाला.

खरंच, गारांत एक ठोका आला होता. धप, धप, धप. एका सेकंदाला दोन-तीन. ऐकता ऐकता तो वाढला, आणि त्याच वेळी पडद्यावर धक्क्यांची संख्या घसरायला लागली.

धाकटी पुढे सरकून बसली. दुसरी पेटी गेली तेव्हा ती याच खुर्चीत होती. तेव्हाही दाब देणारं यंत्र असंच धापा टाकायला लागलं होतं, असेच ठोके, अशीच घसरण, आणि मग ठिणगी, आणि मग शांतता. त्यानंतर घरून फोन आला होता. तिला पुढचं काही सुचलं नाही. दुसरी पेटी, न्हाणी, ओल्या फरशीवर पडलेले मास्तर, एवढंच डोळ्यांपुढे आलं. तिचं बोट आपसूक पुढे गेलं आणि तिने दाब उतरवायचा हुकूम वर धाडला.

स्पीकर बंद पडला.

घुबडाच्या तोंडातला शेंगदाणा तोंडातच राहिला. "काय केलंत?"

"पेटी जात होती."

"खात्री आहे?"

तिने घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला.

"आई, बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत. आत्ताच पेज दिलीये. का गं?"

"काही नाही." तिच्या जिवात जीव आला. पेटी वाचली, म्हातारा वाचला.

तासाभराने रेडिओ-दुर्बिणीवाल्यांचा फोन आला, घुबडाने घेतला. पाहुणी कडक असते तेव्हा विवराच्या दोन्ही बाजूंनी वायूचे झोत उडतात आणि ते रेडिओवर ऐकू येतात. घुबड ऐकत राहिला, हो हो म्हणाला आणि फोन ठेवला.

"त्यांच्याकडचा झोत मावळायला लागलाय," तो म्हणाला. "वहिनी, पेटीला काही झालेलं नव्हतं. पाहुणी वळतीये. आपल्या पेटीला मऊ किरण आता जेमतेम दिसतात. म्हणून आकडे पडले."

धाकटीने भिंतीवरच्या स्पीकरकडे बघितलं. पाहुणी वळताना असाच ठोका धरते, वळेल तसा तो जलद होतो, आणि मग सगळं एकसारखं होऊन जातं, हे तिने शिकलेलं होतं, दुसऱ्यांना शिकवलंही होतं. कानांनी ऐकलं ते मात्र आजच, आणि ऐकून तिने दार लावून घेतलं होतं.

"आता परत लावायची तर?" तिने विचारलं.

"जुनी पेटी थंडावलेली. परत दाब चढवताना ठिणगी पडायचा धोका सगळ्यात जास्त. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना." घुबडाने तिच्याकडे न बघता टरफलं गोळा केली. "मी काही बोलत नाही. तुमची पेटी, तुमचे सासरे."

संध्याकाळी ती घरात आली तेव्हा मास्तर उशांना टेकून वाट बघत होते.

"कुठेय?"

तिने सगळं सांगितलं. खोटं बोलायचं रस्त्याने ठरवत आली होती, पण त्यांच्या हातात टाचण्यांची डबी बघितली आणि जीभ वळली नाही. सांगताना ती फळ्याकडे बघत होती.

मास्तरांनी मधे एकदाच विचारलं. "ठोका जलद होत होता?"

"हो."

"आवाज कसा होता?"

तिने खाटेच्या दांडीवर बोटांनी वाजवून दाखवला. मास्तरांनी डोळे मिटून ऐकला. "आणखी," ते म्हणाले. तिने आणखी वाजवला.

"वळायला तिला दोन-तीन दिवस लागतात," डोळे न उघडता ते म्हणाले. "उद्या लाव. पायरीपायरीने."

"बाबा, पेटी जाईल."

"जाऊ दे. कशासाठी ठेवायचीये? मी काय लोणचं घालू तिचं?"

खुर्चीत बसलेल्या सासूबाई उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. धाकटीही मागून गेली. सासूबाई नळ सोडून उभ्या होत्या. भांडं भरून वाहत होतं तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"लावू नकोस," त्या म्हणाल्या.

"आई, तसं काही नसतं."

"नसतं ना? मग आज मला फोन कशाला केलास?"

धाकटीने वाहणारं भांडं नळाखालून काढलं.

"ते काहीही म्हणतील. आयुष्यभर ते म्हणाले तसंच झालंय. एकदा माझं ऐक." सासूबाईंनी नळ बंद केला. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण स्वयंपाकघर गारच होतं. "तारा मी ओवल्यात. राहू देत गप. हे चार दिवस जास्त राहिले तर तुझी पाहुणी काही रुसणार नाही. शब्द दे मला."

धाकटीने शब्द दिला. देताना तिला खरं तर हायसं वाटलं. आता तिची भीती एकटीची नव्हती.

सकाळी ती कामाला निघाली. रोज मास्तर दारात हाक मारायचे, काहीतरी सूचना, काहीतरी टोमणा. "समुद्र जागेवर आहे, जा तू," असं काहीतरी. त्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. टाचण्यांची डबी उशाशी नव्हती. ती सासूबाईंनी उचलून कपाटावर ठेवली होती की त्यांनीच द्यायला लावली होती, कळलं नाही.

"बाबा, येते."

"हं."

"संध्याकाळी सांगते, रेडिओवाले काय म्हणतात ते."

त्यांनी नुसता हात हलवला. काही विचारलं नाही. चालताना तिच्या मनात तेच घोळत राहिलं. झटका आला होता तेव्हा यांनी डॉक्टरांना प्रश्न विचारले होते. घशात नळी होती तेव्हा पाटीवर लिहून विचारत होते. विचारायचा थांबलेला हा माणूस तिने कधी बघितला नव्हता, आणि पेटी जाण्याहूनही तिला त्याची जास्त धास्ती बसली. लावली तर मरतील असं सासूबाई म्हणत होत्या. नाही लावली तर ते आत्ताच कुठेतरी निघून चालले होते. कुठल्याही बाजूला पाय टाकला तरी खाली खड्डाच.

पहिल्या फेरीला ती हात मांडीखाली दाबून बसली. स्पीकर मुका. घुबड तिच्याकडे बघत नव्हता, शेंगदाणेही खात नव्हता.

"परत कधी येईल ती?" तिने विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

"आपण दोघं निवृत्त झाल्यावर. आणि तेव्हा वर ही पेटी नसेल."

दुसऱ्या फेरीला तिने दाबाची पहिली पायरी चढवली. सासूबाईंचा चेहरा समोर आला. तो बाजूला सारायला तिने डोळे मिटले आणि तसंच बटण दाबलं. काही झालं नाही. स्पीकरमधून हलकीशी खरखर आली. उपग्रह क्षितिजाखाली गेला.

तिने घरी फोन केला. "आई, बाबा कसे आहेत?"

"पडलेत. बोलत नाहीत." सासूबाईंचा आवाज दमलेला होता. "तू लावली नाहीस ना?"

"नाही," धाकटी म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला आपल्याच आवाजाची भीती वाटली.

पुढच्या फेरीला दुसरी पायरी. त्यापुढच्या फेरीला तिसरी, आणि तिसरीला स्पीकर बोलला. गारा नव्हत्या. ठोका होता, कालच्याहून दुप्पट जलद. धपधपधप असा, सलग, जवळजवळ गुणगुणल्यासारखा. पाहुणी ऐन वळणावर होती. घुबड उभा राहिला. धाकटीचे डोळे दाबाच्या आकड्यावर होते, म्हणून बाकीचे आकडे त्यानेच वाचले. ठिणगी पडली नाही. तरी ती ठिणगीचीच वाट बघत होती. एकेक ठोका संपला की पुढचा येतोय की नाही म्हणून कान टवकारत होती. फेरी संपेपर्यंत ब्लाउज पाठीला चिकटला.

पुन्हा फोन. "बाबा कसे आहेत?"

"जागे झालेत. पाणी मागितलं." मग जरा थांबून, "तू आज सारखी विचारतीयेस."

"सहज."

"बाई, मी तुला ओळखते." फोनवर श्वास ऐकू येत होता, जिना चढून आल्यासारखा. "लावलीस तू."

ओरडा खाण्यासाठी धाकटीने खांदे आवळून घेतले.

"अजून आहे का पेटी?" सासूबाईंनी विचारलं.

"आहे. आई, तुमच्या सगळ्या तारा आहेत."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "ह्यांना सांगते मी. जरा बसते आणि सांगते." मग फोन ठेवला.

शेवटची फेरी उन्हं कलायच्या आधी होती. शेवटची पायरी. या पायरीवर दाब पुरा चढायचा, आणि दुसरी पेटी याच दाबावर गेली होती. धाकटीने बटण दाबलं. दाब चढला. स्पीकरमधून आवाज आला आणि तो ऐकून घुबड हसायला लागला. ठोका संपला होता. वाळू एकसारखी सांडत राहावी तसा बारीक, मंद, शांत आवाज. पाहुणी मऊ झाली होती. आकडे कमी होते, पण पेटी धडधाकट होती. वळणाच्या मोकळ्या जागेत आता दोन टाचण्या लागणार होत्या, एक मधोमध आणि एक डाव्या टोकाला.

तिने केंद्रातल्या फळ्यावरच्या दोन टाचण्या काढून मुठीत घेतल्या, घरची डबी कपाटावर होती म्हणून. मग फोन लावला.

कोणी उचलला नाही.

पुन्हा लावला. घंटा वाजून वाजून बंद झाली.

"गेले," ती म्हणाली.

"वहिनी, पेटी चालू आहे," घुबड म्हणाला. "तुमच्या त्या हिशेबानेसुद्धा..." पण ती दारातून बाहेर पडली होती.

वाट नेहमीचीच, पण संपेना. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने काहीतरी विचारलं, ते तिला ऐकू आलं नाही. पेटी चालू आहे म्हणजे ते आहेत, असं ती पुटपुटत होती, आणि पुटपुटताना लक्षात येत होतं की इतकी वर्षं नाकारलेली गोष्ट ती आता स्वतःच घट्ट धरून चालली आहे. जिना ती दोन-दोन पायऱ्यांनी चढली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत आवाज नव्हता. तिने खोलीच्या चौकटीला हात टेकला आणि आत बघायचं धाडस गोळा केलं.

मास्तर उशांना टेकून बसले होते. डोळे उघडे, चांगले लख्ख. टाचण्यांची डबी त्यांच्या मांडीवर होती. शेजारच्या खुर्चीत सासूबाई मान एका बाजूला टाकून बसल्या होत्या, हात मांडीवर, फोन पायाशी जमिनीवर पडलेला.

तिला बघून मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ते कुजबुजले. "तिला झोप लागलीये. किती दिवसांनी. फोन वाजत होता, पण मी म्हटलं, नको उठवायला." मग तिच्या मुठीकडे बघून त्यांचे डोळे आणखी उजळले. "मला सांगितलं तिने. म्हणाली, तारा आहेत सगळ्या. कुठेय?"

धाकटी खोलीच्या मधोमध उभी होती. ती सासूबाईंच्या पदराकडे बघत होती, छातीवरच्या चुण्यांकडे. त्या हलत नव्हत्या. ती बघत राहिली, एखादी तरी हलेल म्हणून. टाचण्या मुठीत रुतल्या होत्या, ते तिला नंतर, रक्त दिसल्यावर कळलं.

"सांग ना," मास्तर म्हणाले. "कुठेय?"

डॉक्टरांनी येऊन बघितलं. हृदय फार दिवसांपासून थकलेलं होतं, हे आजचं नाही, असं त्यांनी धाकटीला सांगितलं, आणि मी त्यांना दाखवायला सांगितलं होतं, असंही म्हणाले. त्या दोन टाचण्या धाकटीने लावल्या त्या पुष्कळ दिवसांनी, मास्तरांनी स्वतः होऊन मागितल्या तेव्हा. मधला अंदाजाचा पिवळा दोरा त्यांनी काढायला लावला.

सासूबाई गेल्या त्या जुळं झालं त्याच वर्षी, नातवंडं रांगायला लागायच्या आधी, पाहुणी वळली त्या दिवशी दुपारी, मास्तरांच्या खाटेशेजारच्या खुर्चीत. मास्तर त्यांच्यामागून दोन वर्षांनी, हिवाळ्यात, झोपेत गेले. तेव्हा तिसरी पेटी चालू होती.